धुराड्यांनंतरचे मँचेस्टर

मँचेस्टर हे जगातले पहिले औद्योगिक शहर मानले जाते. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांभोवती शहर कसे वाढते आणि त्या बंद पडल्यावर त्याचे काय होते, हे दोन्ही अनुभव त्याने इतरांच्या आधी घेतले. इंग्लंडच्या वायव्य भागात अर्वेल, मेडलॉक आणि अर्क या नद्यांच्या काठी ते वसले आहे. इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणताना डोळ्यांसमोर येणारी उंच धुराडी, भोंगे आणि कापसाच्या गासड्या आज मँचेस्टरमध्ये दिसत नाहीत. कापूस हा आता त्या शहराचा धंदा राहिलेला नाही. पण गिरण्यांच्या इमारती, कालवे, रेल्वेपूल, गोद्या आणि वखारी यांपैकी पुष्कळ काही उभे आहे आणि त्यांना नवे काम मिळाले आहे. १९३१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख ६६ हजार होती. विसावे शतक संपताना ती चार लाखांच्या आसपास आली आणि २०२१मध्ये पुन्हा सुमारे ५ लाख ५२ हजारांवर गेली. या घसरणीची आणि सावरण्याची कारणे शहरातल्या वास्तूंमध्येच वाचता येतात.

कापसाने उभे केलेले शहर

मँचेस्टरच्या वाढीची सुरुवात कोळशापासून झाली. शहराच्या पश्चिमेला वर्सली येथे ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या कोळशाच्या खाणी होत्या. तेथून कोळसा आणण्यासाठी त्यांनी खोदलेला कालवा १७६१मध्ये सुरू झाला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. इंधन स्वस्त झाल्यामुळे बाष्पयंत्र परवडू लागले आणि गिरणीला वाहत्या ओढ्याच्या काठी बसण्याचे बंधन उरले नाही. शहराच्या ईशान्येला अँकोट्स भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस सूतगिरण्यांची रांगच उभी राहिली. मरी बंधूंची तेथील गिरणी १७९८मधली आहे. विटांच्या भिंती, लोखंडी खांब आणि वर मजल्यांवर मजले ही रचना पुढे जगभरच्या गिरण्यांनी उचलली.

कच्चा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरत असे. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारी रेल्वे सुरू झाली. दोन शहरांमध्ये संपूर्णपणे वाफेच्या इंजिनांच्या भरवशावर, वेळापत्रकानुसार प्रवासी नेणारी ती पहिली रेल्वे होती. पुढे सूतकताई बोल्टन, ओल्डहॅम अशा भोवतालच्या गावांत पसरली आणि मँचेस्टर त्या सगळ्यांची बाजारपेठ झाले. त्याला ‘कॉटनॉपोलिस’, म्हणजे कापूसनगरी, हे नाव पडले. लिव्हरपूलच्या बंदरातील करांचा बोजा टाळण्यासाठी शहराने समुद्रापर्यंत सुमारे ५८ किलोमीटर लांबीचा जहाजी कालवा खोदला. १८९४मध्ये तो सुरू झाला आणि समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात सागरी जहाजे येऊ लागली.

या वैभवाची किंमत कामगारांनी मोजली. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर सुमारे ६० हजार लोक मतदानाचा हक्क मागण्यासाठी जमले असता घोडदळ त्यांच्यावर घालण्यात आले. १८ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जखमी झाले. इतिहासात ही घटना ‘पीटरलू’ म्हणून ओळखली जाते. १८४२मध्ये फ्रीडरिश एंगल्स वडिलांची भागीदारी असलेल्या कापूस कंपनीत कामाला येथे आले. त्यांनी कामगारवस्त्यांतील ओल, रोगराई आणि गर्दी जवळून पाहिली आणि १८४५मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या शहराचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली, तेव्हा यंत्रसामग्रीसाठी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीचे साहाय्य घेतले. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा तेथील कापूस येईनासा झाला. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यात गिरण्या थांबल्या आणि लाखो कामगार उपासमारीच्या काठावर आले. मुंबईत मात्र कापसाचे भाव गगनाला भिडले, सट्टा फोफावला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच तो कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा घेऊन गुलामगिरीविरोधी लढ्याला पाठिंबा दिला. स्वतःच्या चुली थंड असताना घेतलेला हा निर्णय होता. पुढच्याच महिन्यात अब्राहम लिंकन यांनी त्यांना आभाराचे पत्र पाठवले. त्या पत्रातला मजकूर शहराच्या मध्यभागी असलेल्या लिंकन चौकातील पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेला आहे.

भोंगे थांबले

१९१३मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केले आणि त्यातले सुमारे ३०० कोटी यार्ड भारतात आले. एकाच गिऱ्हाइकावर इतका भार असलेला हा धंदा पहिल्या महायुद्धानंतर डळमळू लागला. भारतातील गिरण्यांचे उत्पादन, जपानची स्पर्धा आणि संरक्षक जकाती यांनी बाजार हातचा गेला. स्वदेशीच्या चळवळीने त्यात भर घातली. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले आणि बेकार कामगारांना भेटले. ज्यांच्या कापडावर त्यांनी बहिष्कार पुकारला होता, त्याच गिरणगावांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घसरण वेगाने झाली. रॉयल एक्स्चेंज या कापूसबाजारातील व्यवहार १९६८मध्ये कायमचे थांबले. सेंट्रल स्टेशन १९६९मध्ये बंद झाले. १९६१ ते १९८३ या काळात शहरातील कारखानदारीतले सुमारे दीड लाख रोजगार गेले. जहाजी कालव्याच्या टोकाशी, सॉलफर्डला असलेल्या गोद्या १९८२मध्ये बंद पडल्या. मुंबईतील गिरणी कामगारांचा संपही त्याच वर्षीच्या १८ जानेवारीला सुरू झाला.

जुने सगळे पाडून नवे बांधण्याचा मार्गही मँचेस्टरने चोखाळून पाहिला. ह्यूम भागातील कामगारवस्ती पाडून तेथे १९७२मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या प्रचंड काँक्रीट इमारती उभारण्यात आल्या. त्यांत १३ हजारांवर लोकांची सोय होती. गळती, कीड आणि न परवडणारे तापवणीचे खर्च यांमुळे काही वर्षांतच त्या कुटुंबांसाठी अयोग्य ठरवल्या गेल्या आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात जमीनदोस्त झाल्या. वस्ती पुसून टाकली की तिच्यातले शेजार आणि आधार यांचे जाळेही पुसले जाते, हा धडा शहराला महागात पडला.

सावरण्याचे टप्पे

यानंतरचा मार्ग जुन्याला नवे काम देण्याचा होता. १९७८मध्ये ब्रिटिश रेल्वेने लिव्हरपूल रोड स्थानकाचे वापरात नसलेले आवार स्थानिक परिषदेला नाममात्र एका पौंडात दिले. १८३०च्या रेल्वेचे हेच टोकाचे स्थानक. सप्टेंबर १९८३पासून तेथे विज्ञान आणि उद्योगांचे संग्रहालय सुरू झाले. भोवतालचा कॅसलफील्ड परिसर १९८२मध्ये ब्रिटनमधील पहिले नागरी वारसा उद्यान म्हणून जाहीर झाला. सेंट्रल स्टेशनच्या ६४ मीटर रुंदीच्या लोखंडी कमानीखाली १९८६मध्ये प्रदर्शन सभागृह उघडले. १९९२मध्ये मेट्रोलिंक ही ट्राम सुरू झाली. जुन्या उपनगरी लोहमार्गांना शहरातल्या रस्त्यांवरून जोडणाऱ्या या ट्रामची आज ९९ स्थानके आहेत. ऑलिंपिक भरवण्याचे शहराचे दोन प्रयत्न फसले, पण त्या तयारीतून सायकल शर्यतींचा बंदिस्त ट्रॅक उभा राहिला. २००२मध्ये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा येथे झाल्या. त्यांचे मुख्य स्टेडियम आज मँचेस्टर सिटी या फुटबॉल संघाचे घर आहे.

१५ जून १९९६ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने सुमारे दीड टन वजनाचा बॉम्ब शहराच्या मध्यभागी फोडला. आगाऊ सूचनेमुळे हजारो लोकांना हलवता आले आणि कोणाचा जीव गेला नाही, पण दोनशेहून अधिक जण जखमी झाले आणि बाजारपेठेचा गाभा उद्ध्वस्त झाला. पुनर्बांधणीत रहदारीचे रस्ते मोकळे करून पादचाऱ्यांसाठी चौक काढले गेले. ‘ओल्ड वेलिंग्टन’ या सोळाव्या शतकातील लाकडी चौकटीच्या वास्तूचा सांगाडा सुटा करून कॅथेड्रलशेजारी पुन्हा उभारला गेला. स्फोटातून शाबूत राहिलेली लाल टपालपेटी कॉर्पोरेशन स्ट्रीटवर आजही आहे.

कॅसलफील्ड

शहर पाहण्याची सुरुवात कॅसलफील्डपासून करावी, कारण शहराची सुरुवातही येथूनच झाली. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात येथे ‘मॅम्युसियम’ हा किल्ला बांधला होता. त्याच परिसरात ब्रिजवॉटर कालव्याचे टोक, वखारी आणि एकावर एक जाणारे रेल्वेपूल आहेत. पूर्वी कोळसा आणि धान्य उतरत असे त्या धक्क्यांवर आता लोक चालतात आणि बसतात. विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात १८३०चे स्थानक आणि त्याच काळातली रेल्वेची मालवखार मूळ जागी पाहता येते. वस्त्रोद्योगाच्या दालनात कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची जुनी यंत्रे मांडली आहेत आणि ती चालवूनही दाखवतात. मागांचा तो खडखडाट ऐकला की गिरणीत कामगार ओठांच्या हालचालींवरून का बोलत, ते लगेच कळते.

कालव्यांवरून जाणारा कॅसलफील्डचा पोलादी रेल्वेपूल १८९२चा आहे. १९६९मध्ये त्यावरची वाहतूक थांबली. सुमारे अर्ध्या शतकानंतर, २०२२मध्ये, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने त्याच्या एका भागावर बाग फुलवून तो लोकांसाठी उघडला. जवळच, पूर्वी ग्रॅनाडा दूरचित्रवाणीचे आवार होते तेथे, २०२३मध्ये ‘अविवा स्टुडिओज’ हे कलाकेंद्र सुरू झाले. २००७पासून भरणाऱ्या मँचेस्टर आंतरराष्ट्रीय महोत्सवाला त्यामुळे कायमचे घर मिळाले.

शहराचा मध्यभाग

रॉयल एक्स्चेंजचे भव्य सभागृह एके काळी दहा हजारांहून अधिक सभासदांचा कापूसबाजार होते. १९७६पासून ते नाट्यगृह आहे. जुनी जमीन नाट्यगृहाचा भार पेलू शकत नव्हती, म्हणून पोलाद आणि काचेची सात बाजूंची रचना मूळ इमारतीच्या चार प्रचंड खांबांवर टांगण्यात आली. सभागृहाच्या उंच भिंतीवर शेवटच्या दिवसाच्या व्यवहारांचे भाव तसेच ठेवले आहेत. नाटकाला येणारा प्रत्येक प्रेक्षक त्यांच्या खालून जातो.

डीन्सगेट रस्त्यावरचे जॉन रायलंड्स ग्रंथालय कापूस व्यापाऱ्याच्या पैशातून उभे राहिले. पतीच्या स्मरणार्थ एन्रिकेटा रायलंड्स यांनी ते बांधवले आणि १९००मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. लाल दगडातील गॉथिक शैलीच्या या वास्तूत योहानाच्या शुभवर्तमानाचा अतिप्राचीन पपायरस तुकडा जतन केला आहे. कॅथेड्रलजवळचे चीतम्स ग्रंथालय १६५३चे, म्हणजे इंग्रजीभाषक जगातले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय. १८४५च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स ज्या खिडकीशी बसून वाचत, ती जागा तेथे पाहायला मिळते.

पीपल्स हिस्टरी म्युझियम हे कामगार चळवळींचे संग्रहालय अर्वेलच्या काठी एका जुन्या पंपघरात आहे. १९०९मध्ये बांधलेले हे पंपघर नळांतून दाबाखाली पाणी पुरवत असे आणि त्या दाबावर वखारींतले पाळणे व कापडाचे गठ्ठे बांधणारी यंत्रे चालत. आता तेथे संघटनांचे रेशमी आणि सुती ध्वज जपले जातात. पीटरलूच्या द्विशताब्दीला, २०१९मध्ये, जेरेमी डेलर यांनी रचलेले वर्तुळाकार पायऱ्यांचे स्मारक मूळ मैदानाच्या परिसरात उभे राहिले. त्यावर मृतांची आणि ते ज्या गावांहून चालत आले त्या गावांची नावे कोरली आहेत.

अँकोट्स आणि नॉर्दर्न क्वार्टर

अँकोट्समध्ये रॉचडेल कालव्याच्या काठाने चालले की डाव्या-उजव्या हाताला सहा-सात मजली गिरण्यांच्या विटांच्या भिंती उंच होत जातात. १९८९मध्ये या भागाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला तेव्हा बहुतेक इमारती ओस होत्या. आज मरी बंधूंच्या गिरणीत आणि शेजारच्या रॉयल मिल्समध्ये सदनिका आणि कार्यालये आहेत. सेंट पीटर चर्चमध्ये १८५८मध्ये स्थापन झालेला हॅले वाद्यवृंद तालीम करतो. चर्चसमोरच्या चौकाचे नाव ‘कटिंग रूम स्क्वेअर’ आहे. त्या नावात जुन्या धंद्याची आठवण आहे.

लगतच्या नॉर्दर्न क्वार्टरमध्ये बदल वेगळ्या रीतीने झाला. धंदा उठल्यावर वखारींची आणि दुकानांची भाडी उतरली आणि तेथे संगीतकार, शिंपी, चित्रकार, छापखानेवाले आले. एका जुन्या कापडदुकानाच्या इमारतीत १९८२पासून ‘ॲफलेक्स’ हा छोट्या स्वतंत्र दुकानांचा बाजार भरतो. मासळीबाजाराच्या जुन्या इमारतीत कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. त्याच १९८२मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, नौकांच्या एका जुन्या विक्रीदालनात, ‘हसिएंडा’ हा संगीत क्लब उघडला. १९९७मध्ये तो बंद पडला, पण तोवर बेकारीने ग्रासलेल्या शहराचे नाव संगीतामुळे जगभर गाजले होते.

सॉलफर्ड क्वेज आणि नव्या बागा

बंद पडलेल्या गोद्या सॉलफर्डच्या नगरपरिषदेने विकत घेतल्या. बांध घालून गोद्यांचे पाणी प्रदूषित जहाजी कालव्यापासून वेगळे केले आणि त्यात हवा सोडून ते स्वच्छ केले. त्यानंतरच काठावर बांधकामाला अर्थ आला. २०००मध्ये तेथे ‘द लॉरी’ हे नाट्यगृह आणि चित्रदालन सुरू झाले. गिरण्यांकडे निघालेल्या काटकुळ्या माणसांचे थवे रंगवणारे एल. एस. लॉरी यांची सुमारे ४०० चित्रे आणि रेखाटने या दालनाकडे आहेत. ज्याला गिरणगावचा दिवस कसा उजाडत असे ते पाहायचे आहे, त्याने ही चित्रे चुकवू नयेत. कालव्यापलीकडे डॅनिएल लिबेस्किंड यांनी रचलेले युद्धसंग्रहालय २००२पासून आहे. युद्धाने फुटलेल्या पृथ्वीगोलाचे तीन तुकडे अशी त्या इमारतीची कल्पना आहे. २०११मध्ये बीबीसीचे अनेक विभाग लंडनहून येथील मीडियासिटीत आले आणि गोदी कामगारांच्या जागी नव्या प्रकारचे कामगार दिसू लागले.

पिकॅडिली स्थानकाजवळच्या मेफील्डमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कापडावर छपाई करणारा कारखाना होता. पुढे तेथे रेल्वेस्थानक झाले, तेही बंद पडले. कापडाचे रंग वाहून नेणारी मेडलॉक नदी बांधकामाखाली झाकली गेली होती. २०२२मध्ये ती उघडी करून तिच्याभोवती साडेसहा एकरांची बाग करण्यात आली. शंभराहून अधिक वर्षांत शहराच्या मध्यभागी झालेली ही पहिलीच नवी सार्वजनिक बाग.

ऑक्सफर्ड रोड आणि स्टायल

दक्षिणेला ऑक्सफर्ड रोडवर विद्यापीठ आहे. स्मृतीत आज्ञावली साठवून चालणाऱ्या पहिल्या संगणकाने २१ जून १९४८ रोजी येथेच काम केले आणि २००४मध्ये ग्राफीन हा कार्बनचा अतिपातळ पदार्थ येथेच वेगळा केला गेला. विद्यापीठाचे मँचेस्टर संग्रहालय फेब्रुवारी २०२३मध्ये नव्या रूपात उघडले. त्यात दक्षिण आशियाचे स्वतंत्र दालन आहे आणि त्याची मांडणी शहरातील दक्षिण आशियाई वंशाच्या तीस रहिवाशांनी संग्रहालयाबरोबर केली. आणखी दक्षिणेला, रशोममध्ये, भारतीय उपखंडातील खाणावळींची ‘करी माइल’ लागते.

विमानतळाजवळ स्टायल गावी १७८४ची क्वारी बँक गिरणी आहे. पाणचक्की, माग, मालकाचे घर, कामगारांची घरे आणि अनाथ बालकामगारांचे वसतिगृह एकाच आवारात टिकून असल्यामुळे गिरणीमागचे सगळे समाजजीवन येथे एकत्र दिसते. तिचे संस्थापक सॅम्युअल ग्रेग यांच्या कुटुंबाचा कॅरिबियनमधील गुलामांच्या मळ्यांशी असलेला संबंधही येथे झाकून ठेवलेला नाही.

जमा आणि खर्च

मँचेस्टरच्या पुनरुज्जीवनाची खर्चाची बाजू मोठी आहे. शहराच्या मध्यभागी काचेचे मनोरे वाढले असून त्यांतल्या सर्वांत उंच मनोऱ्याने २०० मीटर ओलांडले आहेत. अँकोट्समधील घरे आता बहुतेक कामगार कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. तेथील बरेचसे बांधकाम २०१४मध्ये नगरपरिषद आणि अबू धाबीतील गुंतवणूकदार यांच्या भागीदारीतून सुरू झाले आणि त्यात परवडणाऱ्या घरांचे प्रमाण अगदी कमी राहिल्याची टीका होत आली आहे. उत्तर आणि पूर्व मँचेस्टरमधील अनेक वस्त्या आजही इंग्लंडमधील सर्वाधिक वंचित वस्त्यांत मोडतात. ज्या भाडेकरूंनी आणि कलावंतांनी पडक्या वखारींत जीव आणला, त्यांनाच पुढे भाडे परवडेनासे होते, हेही येथे घडले आहे.

जमेच्या बाजूला मात्र लोकांच्या मालकीच्या, लोकांसाठी खुल्या जागा आहेत. वर सांगितलेली बहुतेक संग्रहालये आणि ग्रंथालये विनाशुल्क आहेत. चीतम्ससाठी आणि क्वारी बँकसाठी तिकीट लागते. कालव्यांचे काठ कोणालाही मोकळे आहेत. १९८६मध्ये खासगी कंपन्यांकडे गेलेल्या बसगाड्यांचे नियंत्रण सप्टेंबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक झाले आणि जानेवारी २०२५मध्ये ते काम पूर्ण झाले. पिवळ्या रंगाच्या या बससेवेला ‘बी नेटवर्क’ असे नाव आहे. कामकरी मधमाशी हे १८४२पासून शहराच्या मानचिन्हात असलेले, गिरणीत राबणाऱ्या माणसांचे प्रतीक. मे २०१७मध्ये संगीत कार्यक्रमाच्या वेळी झालेल्या बॉम्बहल्ल्यात २२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा दुःखात एकत्र आलेल्या शहराने हेच चिन्ह उचलले. भिंतींवर, दिव्यांच्या खांबांवर आणि बसगाड्यांवर आज तीच मधमाशी दिसते.